वर्तमानपत्राला एक नियम आणि वाहिनीला दुसरा, असे का?

माध्यमे स्वतंत्र हवीत असे मानणाऱ्या देशांतही त्यांचे नियमन का होते आणि वर्तमानपत्रांपेक्षा रेडिओ व दूरचित्रवाणीवर बंधने अधिक का असतात, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली, तर पहिलाही उलगडतो.

एकाने वर्तमानपत्र काढले म्हणून दुसऱ्याची छपाई अडत नाही. रेडिओचे तसे नव्हते; एकाच वारंवारितेवर दोन केंद्रे बोलू लागली की कोणाचेच धड ऐकू येत नाही. त्यामुळे लहरी ही मर्यादित सार्वजनिक मालमत्ता ठरली, त्यांच्या वापरासाठी परवाना आला आणि परवान्यामागून अटी आल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल हा फरक स्पष्ट करतात. ज्याच्यावर व्यक्तिगत हल्ला झाला त्याला उत्तरासाठी वेळ देण्याचे प्रसारकांवरील बंधन न्यायालयाने १९६९ मध्ये वैध ठरवले. मात्र टीका झालेल्या उमेदवाराचे उत्तर वर्तमानपत्राने छापलेच पाहिजे, असे सांगणारा फ्लोरिडा राज्याचा कायदा १९७४ मध्ये त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.

ब्रिटनमध्येही हीच विभागणी दिसते. तेथे प्रसारणावर ऑफकॉम ही वैधानिक संस्था देखरेख करते व तिला दंड करण्याचा, परवाना काढून घेण्याचाही अधिकार आहे. छापण्यापूर्वी परवानगी घेण्याची सक्ती मात्र इंग्लंडमध्ये १६९५ मध्येच संपली. तेव्हापासून वर्तमानपत्राची जबाबदारी प्रामुख्याने प्रसिद्धीनंतर सुरू होते: बदनामी झाली तर दावा, चालू खटल्यात अडथळा आणला तर न्यायालयाचा अवमान. पत्रकारांनी लोकांच्या फोनवरील संदेश चोरून ऐकल्याच्या, म्हणजे फोन हॅकिंगच्या प्रकरणानंतर न्यायमूर्ती लेव्हसन यांनी वर्तमानपत्रांच्या वर्तनाची चौकशी केली व स्वतंत्र नियामकाची शिफारस केली, तरीही बहुतेक मोठी वर्तमानपत्रे २०१४ पासून स्वतःच्याच पैशांवर चालणाऱ्या, वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या इप्सो या संस्थेकडे राहिली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार व्हायची, त्यांच्याच पैशांवर तक्रार ऐकणारी संस्था चालावी, हे मला पटत नाही; पण सरकारने संपादकाच्या खुर्चीमागे उभे राहणे त्याहून घातक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

इंटरनेटमुळे लहरींच्या टंचाईचा युक्तिवाद आज दुबळा झाला आहे. तरीही मूठभर मालकांच्या हाती सगळी माध्यमे जाऊ नयेत, मुलांचे संरक्षण व्हावे आणि ज्याच्याकडे स्वतःचे व्यासपीठ नाही अशा माणसाला खोट्या बातमीविरुद्ध दाद मागता यावी, ही कारणे टिकून आहेत. म्हणून कोणत्याही देशाचे नियमन तपासताना मी प्रथम तीन गोष्टी पाहतो: नियामकाची नेमणूक कोण करतो, गैरसोयीचा निर्णय दिल्यावर त्याला कोण हटवू शकतो आणि त्याच्या आदेशाविरुद्ध स्वतंत्र न्यायालयात जाता येते की नाही.