जपानची भालाफेकपटू हारुका कितागुची शेवटच्या फेकीत जिंकते, हे नशीब की तंत्र? आणि तिची कारकीर्द आता संपली का?

'नशीब' म्हणणाऱ्यांशी वाद घालून माझा घसा बसलाय, म्हणून आधी तेच निस्तरतो.

बुडापेस्ट, २०२३ ची जागतिक स्पर्धा. कोलंबियाच्या फ्लोर रुइझने ६५.४७ मीटर टाकून ठेवलेले आणि सहापैकी पाच फेकी संपल्या तरी कितागुची चौथीच. सहावी फेक ६६.७३, सुवर्ण. आदल्या वर्षी ओरेगॉनच्या जागतिक स्पर्धेतही सहाव्याच फेकीत ६३.२७ टाकून ब्राँझ, तेही चीनच्या ल्यू शियिंगपेक्षा फक्त २ सेंटिमीटर पुढे.

आता फेकीआधीच्या धावेचा हिशेब बघा. अंतर मोजतात ते फेकीच्या कमानीपासून, म्हणजे धावपट्टीच्या टोकाच्या वक्र रेषेपासून. डावा पाय कमानीच्या तीन मीटर मागे रोवला, तर मीटरभर फुकट गेलाच. फार पुढे रोवला, तर तोल सावरताना पाय रेषेपलीकडे जातो आणि लाल झेंडा, म्हणजे फेक बाद. फेकीनंतर थांबायला दीड-दोन मीटर लागतातच. धाव वेगवान झाली की पावलं लांबतात, म्हणजे सुरुवातीची खूण मागे न्यावी लागते. त्यात रोवलेल्या पायाचा गुडघा वाकला तर धावेचा वेग तिथेच विरतो, आणि कंबर थांबायच्या आधी हात सुटला तर भाला नुसता सपाट जातो. पाच फेकींत हे सगळं जुळवत आणायचं, सहावीला राखून काहीच ठेवायचं नाही. याला नशीब म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

तिचा हात कधीच कमकुवत नव्हता. लहानपणी पोहणं आणि बॅडमिंटन, त्यामुळे खांदा विलक्षण लवचीक. कच्ची होती ती धाव. २०१९ मध्ये ती चेक प्रशिक्षक डेव्हिड सेकेराककडे दोमाझ्लित्से या छोट्या गावी गेली, हा माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत ६ सेंटिमीटरने अंतिम फेरी हुकली. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ६२.०६ टाकले, पण बरगडीखालचा स्नायू दुखावला आणि अंतिम फेरीत ५५.४२ वर बारावी. २०२३ मध्ये ब्रुसेल्सला ६७.३८, राष्ट्रीय विक्रम.

 

दुसरा प्रश्न, कारकीर्द संपली का. २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत, घरच्या प्रेक्षकांसमोर, ६०.३८ टाकून ती पात्रता फेरीतच बाहेर पडली. कारण उजवं कोपर. फेकताना कोपर खांद्याच्या खाली उतरलं की सगळा ताण त्याच्या आतल्या बाजूवर येतो, आणि दुखऱ्या कोपराने फेकणारी व्यक्ती नकळत तेच करते. तिने त्या वर्षी उतरायलाच नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे, घरची स्पर्धा असली तरी. जन्म १९९८ चा, म्हणजे वय आड येत नाही. कोपर येऊ शकतं.

आणि हो, एक राहिलंच, माझ्याच मुद्द्याला छेद देणारं: पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण, ६५.८० मीटर, तिने पहिल्याच फेकीत घेतलं होतं.