आईवडील अज्ञात असलेल्या अर्भकाचे नागरिकत्व कसे ठरते?

नागरिकत्व जेथे केवळ आईवडिलांवरून मिळते, तेथे टाकून दिलेल्या बाळाने ते सिद्ध तरी कसे करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सिद्ध करण्याचा भार त्या बाळावर पडताच कामा नये, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याची दिशाही तीच आहे.

१९३० च्या हेग करारात असे अर्भक ज्या देशात सापडले तेथेच जन्मले, असे विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत गृहीत धरले होते. राष्ट्रीयत्वहीनता कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९६१ मध्ये केलेल्या कराराचे दुसरे कलम याच्याही पुढे गेले. बाळ त्या भूमीवर जन्मले एवढेच नव्हे, तर त्याचे आईवडीलही त्याच देशाचे नागरिक होते, असे विरुद्ध पुराव्याच्या अभावी मानले जाते. अर्थात हा करार अनेक देशांनी अद्याप स्वीकारलेला नाही, आणि काही ठिकाणी ही तरतूद नवजात बालकांपुरतीच ठेवली जाते. ही मर्यादा मला अन्यायकारक वाटते, कारण दोन वर्षांचे मूलही आपले आईवडील कोण हे सांगू शकत नाही. ज्यांना अशी माहिती नीट सांगता येत नाही, अशा सर्व लहान मुलांना हे संरक्षण मिळावे, अशीच संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाची भूमिका आहे.

फिलिपिन्समधील ग्रेस पो १९६८ मध्ये एका चर्चमध्ये अर्भकावस्थेत सापडल्या होत्या. त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा त्या जन्मतः नागरिक नाहीत असा आक्षेप घेतला गेला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देताना, त्या काळी त्या देशात जन्मलेली बहुतांश मुले तेथील नागरिकांचीच होती, ही बाबही विचारात घेतली. त्याच देशात सापडून तेथेच लहानाची मोठी झालेल्या व्यक्तीला असा वाद झेलावा लागावा, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून आपल्या परिचयात असे मूल असेल, तर ते कोठे आणि केव्हा सापडले याची अधिकृत नोंद, वय ठरवणारा वैद्यकीय अहवाल आणि जन्मनोंदणी ही कागदपत्रे आवर्जून जपावीत. दत्तकविधान झाल्यावरही ती टाकून देऊ नयेत, कारण वरील गृहीतक मूल सापडल्याच्या ठिकाणावरच आधारलेले आहे.