लॅब्रॅडॉरला दिशा शिकवण्यापूर्वी

आपला लॅब्रॅडॉर फेकलेली डमी (सरावासाठी फेकायची वस्तू) हातात आणून देतो, म्हणजे पाया तयार आहे. मात्र हाताच्या इशाऱ्यावर उजवीकडे-डावीकडे जायला शिकवण्याची घाई करू नका. शिट्टीच्या एका लांब फुंकरीवर तो असेल तिथेच बसून आपल्याकडे पाहू लागला, की अर्धे काम झाले असे मी मानतो. मग पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या शेतात त्याला बसवा, दहा पावलांवर समोर उभे राहा, त्याच्या देखत एका बाजूला डमी टाका, क्षणभर थांबा आणि त्याच बाजूचा हात पूर्ण पसरून पाठवा. ती बाजू पक्की झाल्यावरच दुसरी घ्या.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा:
- हात अर्धवट हलवणे. मी तर नकळत आधी खांदा झुकवत असे आणि माझी कुत्री तेवढ्यावरच सुटे. हे उमगायला मला एक अख्खा हिवाळा लागला.
- कुत्रा चुकला की ओरडून तीच आज्ञा पुन्हा देणे. त्याऐवजी त्याला थांबवा आणि अंतर कमी करा.
- तो कंटाळेपर्यंत सराव लांबवणे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पहाटेची दहा मिनिटे पुरेत, आणि पाणी सोबत हवेच.