पहिली ड्युटी कुठल्या वॉर्डात?

प्रश्न : यंदा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही हातात आली. नागपुरात तीन ठिकाणी निवड झाली आहे. धंतोलीतल्या ३० खाटांच्या रुग्णालयात आयसीयू, तिथे पगार सगळ्यात जास्त. २०० खाटांच्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्ड. तिसरं, डोळ्यांच्या दवाखान्यातलं ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. मैत्रिणी म्हणतात, वॉर्डात गेलीस की तिथेच अडकशील. पुढे एम्सची परीक्षा द्यायची आहे. काय निवडू?
– एक वाचक, उमरेड

उत्तर : एम्सचं नाव काढलंत, म्हणून आधी तेच. नॉरसेटसाठी, म्हणजे एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेसाठी, बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमला मात्र पात्रता मिळाल्यानंतरचा, किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे ३० खाटांच्या ठिकाणी काढलेली दोन वर्षं या परीक्षेसाठी धरली जाणार नाहीत. डोळ्यांच्या दवाखान्यातही खाटा किती, ते विचारून घ्या.

आमचं मत मेडिसिन वॉर्डाला. मे महिन्यात उष्माघात, पावसाळ्यात डेंगी आणि सर्पदंश, शिवाय सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या वेदनांनी तळमळणारे तरुण : विदर्भातल्या मोठ्या वॉर्डात हे सगळे रुग्ण एकाच नर्सच्या वाट्याला येतात. बिघडत चाललेला रुग्ण वेळेवर ओळखायची नजर तिथेच तयार होते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. अनेक चार्टांवर तो न मोजताच '२०' लिहिलेला असतो, आणि १६ वरून २६ वर गेलेला श्वास बीपी पडण्याच्या बऱ्याच आधी धोका सांगत असतो.

हिशेबही इथेच पक्का होतो. ५०० मिलि सलाईन ८ तासांत द्यायचं आणि सेट २० थेंबांचा (१ मिलि म्हणजे २० थेंब) असेल, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. इन्सुलिन आपल्याकडे ४० आणि १०० युनिट, अशा दोन्ही ताकदींचं मिळतं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारंगी. १०० च्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज लावून १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाला २५ युनिट जातात. घाईच्या सकाळी नेमकी हीच चूक होते, म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दर वेळी जुळवून पाहा.

आयसीयू वाईट नाही. एकटीच्या भरवशावर सोडलेला आयसीयू वाईट. बीपी टिकवून धरणारं नॉरॲड्रेनालिन, ५० मिलिमध्ये ४ मिग्रॅ, चालू आहे, सिरिंज संपत आली आणि दुसरी भरून ठेवलेली नाही, तर काही मिनिटांत बीपी कोसळतं. त्याच वेळी शेजारच्या व्हेंटिलेटरचा अलार्म वाजत असेल, तर नवख्या सिस्टरने कुठे धावायचं? निदान सहा ते आठ आठवडे सिनियर सिस्टर सोबत असेल आणि तोवर एकटीला नाईट लावणार नसतील, तरच पहिली नोकरी म्हणून आयसीयू घ्यावं.

डोळ्यांच्या ओटीतलं काम कसबाचं आहे, पण आयव्ही, कॅथेटर, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), सीपीआर यांचा हात तिथे सुटतो. पहिल्याच वर्षी तो सुटू देऊ नका.

अडकण्याचं म्हणाल, तर वर्षभराने त्याच रुग्णालयात आयसीयूसाठी मेट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखांकडे) लेखी अर्ज करता येतो. रुजू होण्याआधी एक पाळी वॉर्डात उभं राहून बघू द्या, अशी विनंती करा. पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं, म्हणजे हँडओव्हर, रुग्णाजवळ होतो की टेबलावर, रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, हे तेवढ्यात कळतं. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या. सोडताना अनुभवपत्रावर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि खाटांची संख्या, तिन्ही लिहून घ्या.

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंग झालेला ब्रदर. दोन महिन्यांपासून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) आहे. डोस काढताना हात थरथरतो. विभाग बदलून मागू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी एक बघा : तुमचा डोस दुसरं कुणी तपासतं का? ५०० मिग्रॅच्या बाटलीचं एकूण द्रावण ५ मिलि झालं, तर १ मिलित १०० मिग्रॅ. बाळाला ६० मिग्रॅ द्यायचे म्हणजे ०.६ मिलि. दशांशचिन्ह एक घर सरकलं की औषध दहापट जातं, ही भीती खरी आहे. म्हणून दुसऱ्या व्यक्तीने तुमचं उत्तर न बघता स्वतः हिशेब करावा. 'बरोबर आहे ना?' असं विचारलं की कुणीही मान डोलावतं. १ मिलिची सिरिंज वापरा, दशांशाआधीचं शून्य लिहाच, आणि बाळाचं कोणतं वजन धरून हिशेब करायचा, ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. अशी तपासणी तिथे होत असेल तर आणखी तीन महिने थांबा. होत नसेल तर इन्चार्ज सिस्टरांकडे ती मागा, आणि तरीही मिळाली नाही तर बदलीचा अर्ज बिनदिक्कत द्या.