‘खाण तशी माती’ इथे का बसत नाही?

प्रश्न असा आला आहे: डच चित्रकार यान स्टेन याच्या एका चित्राचं नावच एक म्हण आहे. अर्थ साधारण ‘आधी जसं गायलं, तसं मागून वाजलं’. मराठीत त्याला ‘खाण तशी माती’ म्हणावं का?

मला ते पटत नाही. खाण-मातीचा सगळा भर रक्तावर आहे. स्टेनच्या चित्रात मात्र चक्क शिकवणी चालू आहे. १६६८-७०च्या सुमाराचं हे चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. टेबलाभोवती तीन पिढ्या जमल्यात. म्हातारी हातातल्या कागदावरून गातेय आणि त्या कागदावर हीच म्हण लिहिलेली आहे. एका बाईनं पुढे केलेल्या प्याल्यात उंचावरून वाइनची धार पडतेय. आणि हसऱ्या चेहऱ्याचा बाप पोराच्या तोंडाशी लांब दांडीचा पाइप धरून त्याला तंबाखू ओढायला शिकवतोय! त्या बापाला स्टेननं स्वतःचा चेहरा दिलाय. जवळच एक मुलगा बॅगपाइप वाजवतोय, वर दांडीवर पोपट. ऐकलेलं तसंच बोलणारा पक्षी त्या घरात उगाच नाही बसवलेला.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण जास्त जवळची. वाण म्हणजे रंग, तो जन्माचा, गुण सहवासाचा. हा फरक तिनं किती नेमका पकडलाय! पण ढवळ्या-पवळ्या जोडीचे बैल. थोरांचं बघून पोरं बिघडतात, हे त्यात येत नाही.

शिवाय मूळ म्हणीत श्लेष आहे. डच ‘पैप’ म्हणजे पावाही आणि तंबाखूचा पाइपही. म्हणून एक पोरगा वाजवतो, दुसरा ओढतो. हा श्लेष मराठीत जाणार नाही असं मला आधी वाटलं होतं. मग ‘फुंकणे’ आठवलं. पुंगी फुंकतात, विडीही फुंकतात. म्हणून मी सुचवेन: ‘थोरांनी गावं, पोरांनी फुंकावं’. ही काही रूढ म्हण नव्हे, मी जुळवलेली आहे. पण मराठीत बापाची इस्टेटही फुंकतात, आणि तो अर्थ या घराला फारच शोभतो. डच लोक आजही पसारा मांडलेल्या, धरबंद नसलेल्या घराला ‘यान स्टेनचं घर’च म्हणतात.