माळ्यावरचे अहवाल

प्रश्न : बाजार-संशोधनातून निवृत्त झालेले माझे काका जुने पाहणी-अहवाल रद्दीत घालू म्हणतात. घालू द्यावेत का?

उत्तर : मुळीच नाही. ब्रिटनमध्ये, जिथे मार्केट रिसर्च सोसायटी १९४६ सालापासून आहे, तिथे या व्यवसायातील ज्येष्ठांनी जुने अहवाल जमवून बाजार व सामाजिक संशोधनाचे अभिलेखागारच उभे केले आहे. टक्केवारीपेक्षाही प्रश्नावली जपावी, कारण प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला आणि नमुना (म्हणजे ज्यांना प्रश्न विचारले ती माणसे) कसा निवडला हे कळल्यावाचून आकड्यांचा अर्थ लागत नाही. समासात पेन्सिलीने लिहिलेले ‘बाई घरात नव्हत्या, सासूने उत्तर दिले’ हे तर (आमच्या मते) सोनेच. मात्र उत्तरदात्यांची नावे-पत्ते झाकावेत आणि अहवाल ज्या ग्राहक-कंपनीसाठी केला तिची लेखी परवानगी काकांनी आधी घ्यावी.