'गुरुगुरू' वाचायला घेण्याआधी

'माहोजिन गुरुगुरू' या मांगापासून, म्हणजे जपानी चित्रकथेपासून, सुरुवात करतोयस हे छानच. पण त्याआधी 'ड्रॅगन क्वेस्ट'चा एखादा जुना व्हिडिओ गेम थोडा वेळ खेळून बघ. १९८६ साली एनिक्स या जपानी कंपनीने काढलेल्या त्यातल्या पहिल्या गेमने एक साचा पक्का केला: गावातला पोरगा, राजाचा हुकूम, शेवटी राक्षसांचा राजा. 'गुरुगुरू'चे लेखक-चित्रकार हिरोयुकी एतोंनी तोच साचा उलटापालटा केला, आणि तोही एनिक्सच्याच 'शोनेन गांगान' मासिकात, १९९२ पासून. गेमसारख्या चौकटीत निवेदन येतं, ते वगळू नकोस. अर्धा विनोद तिथेच असतो.

कथेचा नायक निके, त्याला वीर व्हायचंच नसतं, बाप हात धुऊन मागे लागतो म्हणून निघतो. किताकिता म्हातारा नाचायला लागला की तू वैतागशील. तरी पुस्तक मिटू नकोस. मुलींनी करायचा गावचा नाच मरू नये म्हणून तो स्वतः गवताचा घागरा नेसतो, हे कळल्यापासून मला तो फार जवळचा वाटतो.

निकेसोबतच्या जादूगार मुलीची, कुकुरीची, जादूची वर्तुळं मात्र सावकाश बघ. एकूण १६ खंड आहेत, घाई नको. मांगा मिळाली नाही, तर २०१७ची २४ भागांची अॅनिमे मालिका मूळ कथा शेवटपर्यंत नेते.